कातणाऱ्याचं नाव

बीडहून सोलापूरकडे निघालं की मांजरसुंब्याचा घाट चढून गाडी बालाघाटच्या पठारावर येते आणि पुढे चौसाळा लागतं. धुळे-सोलापूर महामार्गावरचं, बीड तालुक्यातलं हे मोठं गाव. एके काळी विधानसभेचा मतदारसंघच या नावाचा होता. भोवताली कापूस, सोयाबीन, तूर, डोंगरउतारावर सीताफळं, बांधाबांधावर बाभळी आणि कडुनिंब. नवरात्रात याच रस्त्यानं तुळजापूरला पायी जाणारे जथे दिसतात, आणि सण सरले की ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन कारखान्यांकडे निघतात.

अशा गावातल्या सुताराच्या लेथवरून जे उतरतं त्यात गावाचा सगळा संसार दिसतो. लाटणी, पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब, बाजेचे पाय, जिन्याच्या कठड्याचे कातीव गज, पोरांचे भोवरे. लेथ म्हणजे तरी काय, लोखंडी पाट्यावर समोरासमोर दोन टोकं, त्यात अडकवलेलं लाकूड, पट्ट्यानं ते फिरवणारी मोटर, आणि हत्यार टेकवायला एक आडवी पट्टी. या टेकूवर पटाशी ठेवून फिरत्या लाकडाला लावायची, एवढ्यावर सगळं काम चालतं. देठाचा पेला मात्र इथं कुणी करून मागत नाही. पाणी प्यायला स्टीलचा पेला, पाहुण्यांना काचेचा, आणि अलीकडे आरोग्याची हौस म्हणून तांब्याचा. लाकडातून पाणी पिण्याची सवय मराठी घराला नाही.

तरीही एक लाकडी पेला आपल्या घरांत गेल्या काही वर्षांत शिरला आहे. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांत, जत्रांत, जडीबुटीवाल्यांच्या पथारीवर तो मिळतो. तांबूस-पिवळ्या लाकडाचा, जाड कडेचा, बिनदेठाचा. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं, सकाळी ते तपकिरी झालेलं पाणी प्यायचं, साखर उतरते म्हणतात. लाकूड बिजाचं. कोकणात त्याला बिबळा म्हणतात, विदर्भात बिजा, औषधाच्या दुकानात विजयसार आणि संस्कृत ग्रंथांत असन. या पेल्याविषयी वैद्य बोलतात, विकणारे बोलतात, डॉक्टर नाराजीनं बोलतात. त्याच्या जातभाईवर युरोपातल्या पंडितांनी चारशे वर्षं लिहिलं आहे. या सगळ्या बोलण्या-लिहिण्यात एक माणूस कुठंच भेटत नाही, तो म्हणजे पेला कातणारा. मला त्याच्याविषयी लिहायचं होतं. म्हणून विदर्भातल्या एका पडझड झालेल्या जुन्या घराच्या तुळईचा बिजाचा तुकडा घेऊन मी चौसाळ्याच्या एका मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी तुकडा हातात घेतला, नखानं खरवडला, टोकाला थुंकी लावून रंग पाहिला आणि बाजूला ठेवून दिला. जुन्या, हाडासारख्या वाळलेल्या लाकडावर एकदम हात घालायचा नाही, आधी आकार हातात बसू द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी बाभळीचा ओला ओंडका काढला. मी देठाच्या पेल्याचा आकार कागदावर काढून दिला होता. तो त्यांनी पाहिला आणि कागद खिशात घातला.

पहिलं काम करवतीचं. ओंडका उभा चिरून त्यांनी अगदी मधला भेंडाचा भाग सरळ टाकून दिला. याला पक्कं कारण आहे. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आटत नाही. मध्यापासून सालीकडे जितकं आटतं, त्याच्या सुमारे दुप्पट ते वर्षवलयांच्या अंगानं, म्हणजे घेरात आटतं. भेंड मध्ये ठेवून गोल वस्तू केली तर घेर आवळत जातो, आतला भाग तितका आवळत नाही आणि मग वस्तू मध्यापासून कडेपर्यंत उकलते. गावातल्या कुठल्याही सुताराला हे ठाऊक असतं. फरक एवढाच, की लाटणं उकललं तर दुसरं घेता येतं. पेला उकलला तर तो पेलाच राहत नाही.

मग तुकडा दोन टोकांत अडकवून मोटर सुरू झाली. चौकोनी लाकूड वेगात फिरायला लागलं की त्याच्या कडा दिसेनाशा होतात, मधला भरीव भाग तेवढा स्पष्ट दिसतो आणि त्याभोवती धूसर झालर. त्या झालरीत बोट गेलं तर बोट जातं. मिस्त्री उभे राहिले, पाय फाकवून, पटाशीची मूठ कमरेला टेकवून. इथं जे झालं ते मी वाकून पाहिलं. पटाशीची धार त्यांनी आधी लाकडाला लावलीच नाही. धारेमागची जी उतरण असते, ती फिरत्या लाकडावर घासू दिली. काहीच कापलं जात नव्हतं, नुसता घसघस आवाज येत होता. मग मूठ अगदी थोडी उचलली. धार खाली आली, आणि आवाज बदलला. भुशाऐवजी लांब, ओली, पिवळसर साल सुटायला लागली आणि त्यांच्या मनगटावरून खांद्याकडे उडायला लागली. धार आधी लावली असती तर हत्यार लाकडात रुतून हातातून हिसकलं असतं. उतरणीवर टेकून मग मूठ उचलणं, या एका हालचालीत निम्मा कातारी आहे. बाकीचा निम्मा पुढे आहे.

पेल्याची पोकळी आधी, बाहेरचा आकार नंतर आणि देठ सगळ्यात शेवटी, हा क्रम चुकवता येत नाही. तुकड्याच्या एका टोकाला आखूड खुंटी कातून ती त्यांनी चकात, म्हणजे लेथच्या पकडीत, धरली आणि दुसरं टोक मोकळं सोडलं. आता लाकूड एकाच बाजूनं धरलेलं होतं. तो भाग जाड आहे तोवरच आत कोरायचं. बाहेरून बारीक करून घेतलं तर कोरताना ते थरथरायला लागतं. आतलं कोरणं मधल्या बिंदूपासून कडेकडे करतात, बाहेरचं कातणं मोठ्या घेरापासून लहान घेराकडे. दोन्हींचं कारण तेच. लाकडाचे तंतू ज्या बाजूला आधाराला पडलेले असतात, त्या बाजूनं कापलं तर ते स्वच्छ तुटतात; उलट गेलं तर उपटून येतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. मिस्त्री हे असं समजावून सांगत नाहीत. मी विचारलं, "मामा, मधूनच कामून सुरू केलं?" तर म्हणाले, "कडंनं गेलं की केसं निघत्यात." त्यांनी उलट दिशेनं एकदाच पटाशी ओढून दाखवली. आत तंतूंचे केस उभे राहिले.

पेल्याची भिंत किती पातळ झाली हे आतून-बाहेरून बोटांनी चाचपून कळतं, पण ओल्या लाकडात आणखी एक युक्ती चालते. त्यांनी मोबाईलची बॅटरी आत धरली. जिथं लाकूड जाड होतं तिथं काळोख, जिथं पातळ होतं तिथं नारिंगी उजेड. मग उजेड सगळीकडे एकसारखा होईपर्यंत बाहेरून हलक्या हातानं कातत गेले. दोन-तीन मिलिमीटरची भिंत राहिली तेव्हा पेल्याच्या कडेला उजेडात तंतूंच्या उभ्या रेषा दिसायला लागल्या. त्यानंतर देठ. पेल्याच्या बुडापासून सुरुवात करून बैठकीकडे थोडं थोडं बारीक करत जायचं आणि मागे वळायचं नाही, कारण वरचा देठ एकदा करंगळीएवढा झाला की तिथं पुन्हा हत्यार लावणं म्हणजे पेला मोडून घेणं. युरोपातले लाकूड-कातारी याच टप्प्यावर देठाभोवती त्याच लाकडातून एक सुटी कडी कातून ठेवतात, कौशल्य दाखवायला. मिस्त्रींना ते सांगितल्यावर ते म्हणाले की खुळखुळ्यात असतं की तसं.

शेवटी त्यांनी जमिनीवरची मूठभर साल उचलली आणि फिरत्या पेल्यावर दाबून धरली. लाकडाला त्याच्याच सालीनं झिलई आली. पॉलिश नाही, रंग नाही. बाभळीतल्या टॅनिननं तोवर पटाशीवर आणि त्यांच्या बोटांवर निळे-काळे डाग पडले होते, लोखंडाशी ओली बाभूळ भिडली की पडतात ते.

हा पेला पुढे वाळून लंबगोल होणार हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं, आणि तो झाला. ओल्या लाकडातून कातलेलं गोल काही गोल राहत नाही. जगभरचे कातारी म्हणून आधी जाडसर कातून ठेवतात, वाळू देतात आणि वाळल्यावर पुन्हा लेथवर चढवून शेवटचा आकार देतात. सावकाशीचं काम आहे. लाटण्याच्या भावात ते बसत नाही.

मोटर येण्याआधी हे काम कसं व्हायचं, तेही सांगितलं पाहिजे, कारण कातारी हा आपल्याकडे स्वतंत्र कसबी होता. त्याचा लेथ म्हणजे जमिनीलगतचे दोन लाकडी ठोकळे आणि त्यातली लोखंडी टोकं. कमानीच्या दोरीचा एक वेढा लाकडाभोवती असायचा. कमान मागे-पुढे ओढली की लाकूड एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला फिरायचं. मोठं काम असलं तर दोरी ओढायला दुसरा माणूस, बहुधा घरातलंच कुणी. कातारी जमिनीवर बसून एका हातानं कमान चालवायचा, दुसऱ्या हातानं हत्यार धरायचा आणि पायाच्या बोटांनी त्याला दाबून आधार द्यायचा. लाकूड त्याच्याकडे फिरत असेल तेवढ्याच अर्ध्या फेरीत धार लावायची, परतीच्या अर्ध्या फेरीत ती अलगद उचलायची, पुन्हा लावायची. म्हणजे हाताचं, पायाचं आणि कानाचं एकच ठेक्यातलं काम. अशा लेथवर कुंकवाचे करंडे, बुद्धिबळाची प्यादी, हुक्क्याच्या नळ्या आणि पलंगाचे पाय झाले.

महाराष्ट्रात ही विद्या सगळ्यात जास्त फुलली ती सावंतवाडीत. चितारआळीतली लाकडी फळं, खेळणी आणि पाट आजही कोकणातून येणाऱ्यांच्या पिशवीत असतात. लाखकामाची कातणी पाहण्यासारखी असते. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून लाकडावर चढते. मग केवड्याचं पान दाबून धरलं की लाख चकचकीत होते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणीही याच रीतीनं होतात. लाखकामात रंग ब्रशनं लावत नाहीत, तो लेथवरच चढतो. पण ही लाख पाण्याच्या पेल्याला आतून लावली की पेला नुसता शोभेचा राहतो. बिजाच्या पेल्याचं सगळं काम तर लाकूड आणि पाणी यांच्या थेट भेटीवर चालतं. त्याला आतून उघडंच ठेवावं लागतं.

आणि उघडं लाकूड खाण्यापिण्याला वापरायला आपल्याकडे फार जुना अडसर आहे. तसे यज्ञात सोम पिण्याचे चमस लाकडाचे असत. मनुस्मृतीनं संन्याशाला लाकडाचं, भोपळ्याचं, मातीचं किंवा बांबूचं पात्र चालेल असं म्हटलं आहे. श्वेतांबर जैन साधू-साध्वींची भिक्षापात्रं आजही लाकडाचीच असतात, लेथवर कातलेली आणि रंग-रोगण चढवलेली. पण संसारी माणसाला लाकडी भांडं विटाळलं तर ते शुद्ध करायला वरचा थर तासून काढावा, असं त्याच मनुस्मृतीत आहे. तासून काढायचं भांडं रोजच्या स्वयंपाकघरात कसं टिकणार? तांब्या-पितळेला चिंच-राख लावली की झालं. त्यामुळे आपला कातारी पाळण्याकडे, पलंगाकडे, खेळण्याकडे वळला आणि पेला त्याच्या हातून सुटला. युरोपात मात्र धातू महाग असलेल्या शतकांत गरिबाच्या ताटातलं आणि हातातलं भांडं लाकडाचंच होतं, म्हणून तिथं पेला कातणं हा वेगळा धंदा उभा राहिला.

आता बिजा. दुसऱ्या खेपेला मिस्त्रींनी तो तुळईचा तुकडा लेथवर चढवला. वाळलेलं, जड, कडक लाकूड. पटाशी सारखी धारेला न्यावी लागत होती. लांब साल सुटली नाही, बारीक तांबूस चुरा उडाला, आणि दुकानात तुरट वास पसरला. जिवंत झाडाच्या सालीला घाव बसला की त्यातून लालभडक चीक वाहतो आणि वाळून काळसर खडे होतात. कायनो नावानं हा डिंक पूर्वी विलायतेत औषधाला जायचा. या लाकडाची ढोलकी-तबल्याची खोडं करतात, तेव्हा ते कातणाऱ्यांच्या ओळखीचं आहे.

देठ नको, असं मिस्त्रींनीच ठरवलं. म्हणाले, "रोज धुवायची वस्तू हाय, देठ कशाला. बूड तेवढं जाड ठिवतो." मी कारण विचारलं. "गळलं तर बुडातून गळंल, कडंनं न्हाई." हे वाक्य ऐकून मला फार बरं वाटलं, कारण यात अख्खं लाकूडशास्त्र आहे. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या खोडात उभ्या असतात, कडब्याच्या पेंढीतल्या ताटांसारख्या. पेला त्याच दिशेनं उभा कातला तर त्याच्या भिंतीत या नळ्या आडव्या कापल्या जात नाहीत, बुडाशी मात्र सगळ्यांची तोंडं उघडी पडतात. पाणी झिरपलं तर तिथूनच. बिजाच्या पक्व गाभ्यातल्या नळ्यांत डिंक साचलेला असतो, म्हणून तो बराच तग धरतो. बाहेरचं फिकट लाकूड घेतलं तर पेला घामेजतो. म्हणजे कोणता भाग घ्यायचा, बूड किती ठेवायचं, भिंत किती, हे ज्या माणसाला कळतं त्याच्या हातात या पेल्याचं निम्मं औषधपण आहे. भिंत जाड, लाकूड गाभ्याचं, पृष्ठभाग स्वच्छ कापलेला. घासकागदानं घासून तंतूंची तोंडं बुजवलेला नव्हे.

औषधपणाविषयी जे ठाम सांगता येतं तेही सांगतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात असनादी गण आहे आणि ज्या व्याधींवर तो सांगितला आहे त्यांत प्रमेह आहे. म्हणजे बिजाचा आणि मधुमेहाचा संबंध जत्रेतल्या विक्रेत्यानं काल जोडलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, विजयसारवर वेगवेगळ्या केंद्रांत मिळून चाचणी घेतली आणि १९९८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नव्यानं मधुमेह निघालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची रक्तशर्करा १२ आठवड्यांत आटोक्यात आली. पण त्यांना दिला होता तो मोजून घेतलेला अर्क, दिवसाला २ ते ४ ग्रॅम, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रात्रभर पेल्यात राहिलेल्या पाण्यात त्यातलं किती उतरतं हे लाकडाच्या वयावर, पाण्यावर, पेला किती जुना झाला त्यावर ठरतं, आणि ते कुणी मोजून देत नाही. देशात १० कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे, हे आयसीएमआरच्याच २०२३ च्या पाहणीत आलं. त्यातल्या कुणी पेला घेतला म्हणून गोळी सोडली तर ते जिवावर बेतेल. पेला घ्या, पाणी प्या, पण गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सोडू नका आणि तपासणी चुकवू नका. गावाकडे हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, म्हणून इथंही सांगितलं.

मला स्वतःला या पेल्याची ओढ लागली ती दुसऱ्याच कारणानं. बिजाचं पाणी काळ्या कापडापुढे उन्हात धरून बघा. आरपार पाहिलं तर ते सोनेरी-तपकिरी दिसतं. उन्हाच्या अंगानं पाहिलं तर कडेला निळी झाक येते. चौसाळ्यात मिस्त्रींच्या दुकानापुढच्या उन्हात बोअरचं पाणी घालून आम्ही ते पाहिलं तेव्हा शेजारच्या टपरीवरची माणसं गोळा झाली होती. हे प्रतिदीपन. लाकडातून पाण्यात उतरलेलं द्रव्य डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून घेतं आणि निळा प्रकाश बाहेर टाकतं.

या निळ्या पाण्यानं युरोपाला वेड लावलं होतं. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस यानं १५६५ मध्ये मेक्सिकोतून आलेल्या एका लाकडाविषयी लिहिलं: त्याचे ढलपे पाण्यात टाकले की पाणी निळं होतं, आणि ते मूत्रपिंडाच्या विकारावर देतात. त्याला 'लिग्नम नेफ्रिटिकम' म्हणजे मूत्रपिंडाचं लाकूड असं नाव पडलं. पुढे जेझुइट पंडित अथानासियस किर्शर याला मेक्सिकोतल्या जेझुइटांकडून याच लाकडाचा म्हणून एक कातीव पेला भेट आला. त्यात ओतलेलं साधं पाणी रंग बदलतं हे त्यानं १६४६ च्या आपल्या प्रकाशावरील ग्रंथात लिहिलं आणि पेला सम्राटाला नजर केला. रॉबर्ट बॉयलनं १६६४ मध्ये आणखी बारकाईनं पाहिलं: आम्ल टाकलं की निळी झाक जाते, अल्कली टाकलं की परत येते. त्याला यातून पाण्याची आम्लता पारखण्याची कसोटी मिळाली. १८५२ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सनं या जातीच्या प्रकाशाचं स्पष्टीकरण दिलं आणि त्याला आज सगळं जग वापरतं ते नाव दिलं. आज प्रयोगशाळेत पेशी रंगवून पाहतात, नोटेवरची खूण जांभळ्या दिव्याखाली तपासतात, ट्यूबलाइट लावतात, त्या सगळ्यामागे हेच तत्त्व आहे.

किर्शरचा पेला मेक्सिकोतला नव्हता बहुतेक. १९१५ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम सॅफर्ड यानं गुंता सोडवला. निळ्या पाण्याची लाकडं दोन होती. एक मेक्सिकोतलं झुडूप, ज्याच्या लाकडातून पेला निघेल एवढं खोडच नसतं. दुसरं फिलिपिन्समधलं नारा हे मोठं झाड. लुझोन बेटाच्या दक्षिण भागात नाऱ्याचे पेले कातत असत. मनिलाहून स्पॅनिश गलबतं मेक्सिकोतल्या अकापुल्कोला जात, तिथून माल युरोपात पोचे. म्हणून पेला मेक्सिकोचा समजला गेला. आणि नारा म्हणजे कोण? टेरोकार्पस प्रजातीतलं झाड. आपला बिजा आणि आपलं रक्तचंदन त्याच प्रजातीतले. २००९ मध्ये संशोधकांनी मेक्सिकन लाकडातल्या निळ्या झाकेचं नेमकं द्रव्य शोधलं, तेव्हा कळलं की ते झाडात नसतंच. लाकडातलं दुसरंच एक द्रव्य अल्कलीधर्मी पाण्यात उतरलं की हवेतल्या ऑक्सिजननं आपोआप बदलून ते तयार होतं.

या गोष्टीत वैद्याचं नाव आहे, धर्मगुरूचं आहे, भेट घेणाऱ्या सम्राटाचं आहे, रसायनशास्त्रज्ञाचं आहे. लुझोनमध्ये बसून जाड बुडाचा, न झिरपणारा, समुद्रापार जाऊनही न उकललेला पेला ज्यानं कातला त्याचं नाव कुणी विचारलं नाही. गाभ्याचं लाकूड त्यानं निवडलं नसतं, तर किर्शरच्या पेल्यात पाण्याचा रंग बदललाच नसता. विज्ञानाच्या इतिहासात हा माणूस यायला हवा असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडेही तेच. बिजाच्या पेल्याच्या खोक्यावर कंपनीचं नाव असतं, देवाचं चित्र असतं, फायद्यांची यादी असते. कुठल्या गावात, कुणाच्या लेथवर तो उतरला याचा पत्ता नसतो. वाईन कोणत्या द्राक्षबागेची, पैठणी कोणत्या हातमागावरची हे विचारणारा मराठी माणूस पेल्याचं कातकाम विचारत नाही, कारण ते काम त्याला दिसतच नाही. मी मिस्त्रींना पेल्याच्या बुडाशी नाव कोरायला सांगितलं. त्यांनी स्वतःचं कोरलं नाही, गावाचं कोरलं.

बीड जिल्ह्यातली पोरं आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड करतात आणि वाळूज-चाकणच्या कारखान्यांत लोखंड कातायला जातात. ती मायक्रॉनमध्ये माप घेतात. या पोरांना लाकूड कातणं शिकवायला फार काही लागणार नाही. चक तोच, टेकू तोच, फक्त वाळणाऱ्या आणि आटणाऱ्या मालाशी ओळख करून घ्यावी लागेल. ती ओळख सध्या आहे ती पन्नाशी-साठीतल्या मिस्त्र्यांकडे, आणि त्यांच्या हाताखाली शिकायला कुणी येत नाही, कारण लाटणी आता घाऊक बाजारातून येतात आणि देव्हारे प्लायवुडचे झाले.

लाकडाचा प्रश्न उरतोच. बिजाची वाढ सावकाश, बी रुजण्याचं प्रमाण कमी, आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत हे झाड धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत सागवान, चंदन, खैर यांच्या पंगतीला बिजाही आहे. स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. हे योग्यच आहे. पेल्यासाठी उभं झाड तोडायची गरज नाही. जुन्या घरांच्या तुळया आणि चौकटी पडझडीत फुकापासरी जातात, चुलीत जळतात. ढोलकी-तबल्याच्या खोडांचा पोकळ भाग कोरून निघालेले तुकडे वाया जातात. वनविभागाच्या बल्लारपूरसारख्या आगारांत लाकडाचा लिलाव होतो, पण तिथला लॉट एका सुताराच्या आवाक्याबाहेरचा असतो. पाच-सहा गावांतले मिस्त्री एकत्र येऊन एक लॉट घेतील, तर कागदपत्रं पक्की राहतील आणि माल वाटून घेता येईल. चौसाळ्याच्या मिस्त्रींपुढे मी ही गोष्ट काढली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला तो वाहतुकीच्या परवान्याचा, आणि दुसरा, ओला लॉट आला तर तो वाळत ठेवायला पत्र्याखाली जागा कुणाची.